पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम: खरजेवरचं औषध चांगलं, अडतं ते लावण्यात

खरजेवर पहिलं औषध कोणतं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के क्रीम. दोन महिन्यांच्या बाळापासून म्हातारपणापर्यंत चालतं, गरोदरपणातही देता येतं, वास मारत नाही, कपड्यांवर डाग पाडत नाही. त्वचेतून आत शिरणारा अंश दोन टक्के किंवा त्याहूनही कमी, आणि तोही शरीर लवकर निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. एवढं सगळं जमेला असूनही ‘ट्यूब संपली, खाज तशीच’ ही तक्रार सर्रास येते. अशा वेळी औषध बदलण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: किती लावलं, कुठे कुठे लावलं आणि घरात आणखी कुणी लावलं. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं. म्हणून या परीक्षणात औषधाच्या गुणांपेक्षा ते वापरण्याच्या पद्धतीलाच जास्त जागा दिली आहे.

आधी टक्क्यांचा घोळ मिटवू. पर्मेथ्रिन १ टक्काही मिळतं, पण ते डोक्यातल्या उवांसाठी असतं आणि दहा मिनिटांत धुऊन टाकायचं असतं. नाव तेच, काम वेगळं. खरजेला ५ टक्केच लागतं. दुकानातून ट्यूब हातात पडली की नावाच्या आधी आकडा वाचावा.

दुसरा घोळ मात्रेचा. नेहमीची ट्यूब ३० ग्रॅमची असते आणि मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाला एका वेळी मानेपासून तळव्यापर्यंत लावायला ती जेमतेम पुरते. अंगाने मोठा माणूस असेल तर दीड-दोन ट्यूबही जातात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण अर्धी, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ट्यूबचा आठवा हिस्सा असा ढोबळ हिशोब धरतात. घरात दोन मोठी माणसं, आठ वर्षांचं एक मूल आणि तीन वर्षांचं दुसरं असेल, तर एका फेरीला पावणेतीन ट्यूब झाल्या. फेऱ्या दोन करायच्या असतात, म्हणजे साडेपाच, घ्यायच्या सहा. चिठ्ठीवर मात्र पुष्कळदा एकच ट्यूब लिहिलेली असते, ती चौघांत वाटली जाते किंवा खाजेच्या जागी थोडी थोडी करत आठवडाभर पुरवली जाते. दोन्ही प्रकारांत पैसे वाया जातात आणि नाव मात्र औषधाचं खराब होतं.

‘खाज येते तिथे लावा’ हा सल्ला तर खरजेच्या बाबतीत साफ चूक आहे. खरूज होते ती त्वचेत बिळं करून राहणाऱ्या अगदी बारीक किड्यांमुळे, पण पुरळ जिथे दिसतं तिथेच किडे असतात असं नाही. अंगभर उठलेला बराचसा पुरळ ही किड्याच्या विष्ठेची, अंड्यांची आणि लाळेची शरीराला आलेली ॲलर्जी असते. साध्या खरजेत संपूर्ण अंगावर मिळून सरासरी दहा-पंधरा माद्या असतात, आणि त्यांची बिळं हाताच्या बेचक्यांत असताना खाज पोटावर येऊ शकते. त्यामुळे क्रीम लावायचं ते पूर्ण अंगाला.

लावायची रीत

रात्रीची वेळ सोयीची, कारण ८ ते १४ तास क्रीम अंगावर राहायला हवं. आधी हातापायाची नखं बारीक कापावीत. लावण्यापूर्वी कढत पाण्याने अंग घासून आंघोळ करण्याचा जुना सल्ला आता सोडून द्यावा. गरम, ओल्या त्वचेतून औषध जास्त आत शिरतं आणि जळजळ वाढते. आंघोळ करायचीच तर कोमट पाण्याने करावी, अंग कोरडं करावं, त्वचा थंड होऊ द्यावी. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावं. अंगठीखालची चामडी ही माद्यांच्या आवडत्या जागांपैकी एक, आणि क्रीम नेमकं तिथेच पोचत नाही.

हनुवटीच्या खालून आणि कानामागून सुरुवात करून खाली यावं. पाठीला दुसऱ्याची मदत लागतेच. काखा, स्तनाग्रं आणि स्तनांखालची घडी, बेंबीच्या आत, कंबरेवर नाडी किंवा इलास्टिक बसतं तो पट्टा, जांघा, जननेंद्रियं, नितंबांमधली घडी, गुडघ्यामागे, घोटे, तळवे, पायाच्या प्रत्येक दोन बोटांमध्ये. संकोचामुळे जननेंद्रियं सुटतात, आणि पुरुषांत खरजेच्या गाठी नेमक्या तिथेच सगळ्यांत जास्त असतात. शेवटी हात: प्रत्येक बेचकी वेगळी करून, मनगटाची आतली बाजू, तळहाताची कड. मग नखांखाली. खाजवताना किडे आणि अंडी नखांत जाऊन बसतात, म्हणून जुन्या टूथब्रशला क्रीम लावून नखांच्या कडेखालून फिरवावं आणि तो ब्रश फेकून द्यावा.

दोन वर्षांच्या आतली मुलं, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्या बाबतीत ‘मानेखाली’ पुरत नाही. डोळे आणि तोंडाभोवतीचा भाग सोडून चेहरा, कानांच्या घड्या, टाळू, मान सगळं घ्यावं लागतं. तान्ह्या बाळांना तळहात-तळपाय आणि डोक्यावरही खरूज होते. ती हात चोखतात, म्हणून हातांवर स्वच्छ मोजे चढवावेत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन धुवावेत आणि पाजून झाल्यावर तिथे पुन्हा क्रीम लावावं.

आणि आता सगळ्यांत जास्त वेळा बिघडणारी पायरी: हात धुणं. रात्री आठला लावलं, साडेआठला जेवण, नऊला भांडी, मध्यरात्री बाळाचं लंगोट. प्रत्येक धुण्यासोबत हातावरचं औषध गेलं, आणि बिळं सर्वाधिक असतात ती हातावरच. हात धुतले की लगेच पुन्हा लावायचं, दर वेळी. यासाठी ट्यूबमध्ये थोडं क्रीम मुद्दाम शिल्लक ठेवावं, किंवा सगळी कामं उरकून अगदी झोपताना लावावं.

हलकी जळजळ किंवा मुंग्या येणं चालतं, थोड्या वेळात ओसरतं. खाजवून सोललेल्या त्वचेवर जरा जास्त झोंबतं. जखमांतून पू येत असेल किंवा पिवळट खपल्या धरल्या असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस या जिवाणूंचा संसर्ग खरजेवर सहज बसतो, त्याला वेगळं प्रतिजैविक लागतं, आणि स्ट्रेप्टोकॉकसमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.

दुसरी फेरी ७ ते १४ दिवसांनी. ती ऐच्छिक नाही. मादी रोज दोन-तीन अंडी घालते, ती तीन-चार दिवसांत फुटतात, आणि पिल्लू पूर्ण वाढायला दहा-चौदा दिवस लागतात. पहिल्या रात्री एखादं अंडं वाचलंच, तर दुसऱ्या फेरीपर्यंत ते फुटलेलं असतं, पण त्यातली मादी अजून अंडी घालू लागलेली नसते. दोनच दिवसांनी पुन्हा लावलं तर काही अंडी अजून फुटलेली नसतात, आणि महिन्याने लावलं तर पुढची पिढी बसलेली असते. खाज थांबत नाही म्हणून रोज लावत राहणं हा आणखी एक प्रकार. त्याने त्वचा कोरडी पडून चुरचुरते, ती चुरचूर खरूजच वाटते, आणि माणूस आणखी लावतो.

पण ही खरूजच आहे का?

ट्यूबवर गुण देण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा. इसब, कीटकदंशाचं पुरळ, ढेकूण, संपर्काने येणारी ॲलर्जी, नायटा, सगळ्यांनाच खाज असते. खरजेच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी म्हणजे रात्री वाढणारी खाज, घरात किंवा एका खोलीत राहणाऱ्या आणखी कुणाला तीच तक्रार, आणि ठरावीक जागा: बेचक्या, मनगट, कोपर, काखेची पुढची घडी, बेंबीभोवती, नितंब, पुरुषांत लिंग आणि अंडकोश, स्त्रियांत स्तनाग्रांभोवती. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर लक्षणं दिसायला चार ते सहा आठवडे जातात. पूर्वी होऊन गेली असेल तर एक ते चार दिवसांत खाज सुटते. म्हणजे ‘घरात बाकी कुणाला काही नाही’ या उत्तरावर विसंबू नये. त्यांचे चार आठवडे अजून भरलेले नसतील.

खात्रीची खूण म्हणजे बीळ. चांगल्या उजेडात बेचकी ताणून धरली की अर्धा ते एक सेंटिमीटरची, किंचित नागमोडी, राखाडी रेघ दिसते. एका टोकाला खवला निघालेला असतो, दुसऱ्या टोकाला बारीक ठिपका. मादी तिथे असते. रेघ नीट दिसत नसेल तर शाईच्या पेनाने तिथे थोडं रंगवून अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावं. वरची शाई जाते, बिळात शिरलेली राहते.

डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, हे यातलं सगळ्यांत उपयोगी हत्यार. दहापट मोठं दाखवणारा साधा हातातला पुरतो. बिळाच्या टोकाला गडद तपकिरी त्रिकोण दिसतो. तो म्हणजे किड्याचं तोंड आणि पुढचे पाय. बाकीचं शरीर पारदर्शक असल्याने दिसत नाही. त्रिकोणामागे बिळाची पांढुरकी रेघ, विमानामागे उमटणाऱ्या धुराच्या रेषेसारखी. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तपकिरी त्रिकोण पार्श्वभूमीत हरवतो आणि नवखी नजर फसते, हा या उपकरणाचा खरा उणेपणा. अशा वेळी रेघेचा माग काढत टोकापर्यंत जावं.

त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा पक्का पुरावा. बिळावर खनिज तेलाचा थेंब टाकायचा, १५ नंबरच्या ब्लेडने टोकाकडची चामडी खरवडायची, काचपट्टीवर घ्यायची आणि कमी क्षमतेच्या भिंगाखाली किडा, अंडी किंवा विष्ठेच्या तपकिरी गोळ्या शोधायच्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर विष्ठेच्या गोळ्या विरघळून जातात, म्हणून तेल बरं. अख्ख्या अंगावर दहा-पंधराच किडे असल्याने रिकामी काचपट्टी पुष्कळदा मिळते. त्यावरून खरूज नाही असं म्हणता येत नाही. खरजेच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निकषांतही म्हणूनच तीन पायऱ्या आहेत: किडा किंवा त्याचे अवशेष प्रत्यक्ष दिसले तर निश्चित, बीळ किंवा ठरावीक पुरळ आणि पार्श्वभूमी जुळली तर वैद्यकीय निदान, आणि त्याहून कमी असेल तर संशयित. उपचार सुरू करायला दुसरी पायरीही पुरते.

निदानाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे स्टेरॉइडची मिश्र मलमं. दोन-चार दिवस खाज बसते, पुरळ फिका पडतो, किडे मात्र निवांत वाढत राहतात. पुढे ही खरूज खरजेसारखी दिसतच नाही आणि डॉक्टरही चकतो. आधी काय काय लावलं ते तपासणीच्या वेळी लपवू नये, रिकाम्या ट्यूबा सोबत न्याव्यात.

बाकीच्या औषधांशी तुलना

पर्मेथ्रिनला खरी टक्कर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांची आहे. मात्रा वजनाच्या दर किलोला २०० मायक्रोग्रॅम. म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम, ४५ किलोला ९. जेवणासोबत घेतल्यास रक्तात जास्त पोचतं. पाठीला कोण लावणार, बेचकी सुटली का, हात धुतले का, हे सगळे प्रश्न गोळीपुढे संपतात. वसतिगृह, तुरुंग, वृद्धाश्रम अशा ठिकाणी हा फायदा मोठा आहे. फिजीच्या बेटांवर संपूर्ण वस्तीला औषध देऊन केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आयव्हरमेक्टिनच्या गटात वर्षभरात खरजेचं प्रमाण ९४ टक्क्यांनी घटलं, पर्मेथ्रिनच्या गटात ६२ टक्क्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खरजेसाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. उणी बाजू अशी की ती अंडी मारत नाही आणि काही दिवसांतच शरीरातून निघून जाते. ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा चुकवली तर अर्धंच काम झालं. १५ किलोंपेक्षा कमी वजनाची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना सहसा देत नाहीत. एकाच माणसाच्या साध्या खरजेला आम्ही अजूनही क्रीम पुढे ठेवू. क्रीम नीट लावूनही भागलं नाही, किंवा नीट लावणं शक्यच नाही, तिथे गोळी.

बेंझिल बेंझोएट २५ टक्के लोशन स्वस्त आणि परिणामकारक, पण झोंबतं. मुलांना निम्मं पातळ करून १२.५ टक्के वापरतात. अंगावर २४ तास ठेवून लागोपाठ दोन-तीन दिवस लावावं लागतं, आणि पहिल्या दिवशीच्या आगीनंतर बरेच जण तिथेच थांबतात. गंधकाचं ६ ते १० टक्क्यांचं मलम दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना द्यायचं सुरक्षित औषध; तीन रात्री लागोपाठ लावायचं, वास आणि डाग सोसायचे. क्रोटामिटॉन १० टक्के खाज थोडी कमी करतं, किडे मारण्यात कच्चं आहे. गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतं. बाळांना, गरोदर स्त्रियांना किंवा सोललेल्या त्वचेवर ते देऊ नये. चांगले पर्याय हाताशी असताना त्याच्याकडे वळायचं कारण उरत नाही.

गेल्या काही वर्षांत युरोपातून पर्मेथ्रिन दाद देत नसल्याच्या नोंदी आल्या आहेत आणि किड्यांच्या चेतापेशींत बदल झाल्याचे पुरावेही पुढे येत आहेत. हे गंभीर आहे. तरी ‘औषध चालेनासं झालं’ हा शिक्का मारण्याआधी वरचा ट्यूबांचा हिशोब मांडून बघावा.

घरातली माणसं आणि कपडे

एका छपराखाली राहणारे सगळे आणि शरीरसंबंध असलेली जोडीदार व्यक्ती यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावायचं. आज मुलाला, रविवारी बाबांना, आजीला कंटाळा, असं झालं की किडा घरातल्या घरात फिरत राहतो.

कपड्यांचं मात्र उगाच अवडंबर माजवतात. माणसाच्या अंगाबाहेर किडा साधारण दोन-तीन दिवसच तग धरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलन्बी यांनी शेफील्डमध्ये स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांची न धुतलेली पांघरुणं वापरायला दिली, तेव्हा फार थोड्यांना लागण झाली. खरा प्रसार अंगाला अंग लागून होतो. तेव्हा मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. धुता येत नसेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून किमान तीन दिवस, आठवडा ठेवल्यास उत्तम, बाजूला ठेवावं. लावल्यानंतर आणि सकाळी धुतल्यानंतर धुतलेले कपडे घालावेत. गाद्यांवर कीटकनाशक फवारू नये.

उपचारानंतरची खाज

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेले किडे आणि अंडी वरची चामडी झडेपर्यंत आतच असतात. हे औषध देतानाच सांगितलं तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. माहितीपत्रकात ते असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की कुणी वाचत नाही. मॉइश्चरायझर आणि रात्री झोप आणणारी ॲलर्जीची गोळी एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. किड्यांवरचे उपचार पूर्ण झाल्यावर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देऊ शकतात. अंडकोश आणि काखेतल्या तांबूस गाठी काही महिनेही टिकतात, त्यावर पुन्हा पुन्हा पर्मेथ्रिन चोपडून फायदा नाही. नवी बिळं दिसू लागली किंवा चार आठवडे उलटूनही खाज कमी नाही, तर तिसरी ट्यूब न घेता पुन्हा डर्मोस्कोपखाली तपासणी करून घ्यावी.

एका प्रकारात ही ट्यूब एकटी घेणं चूकच. खपल्यांची खरूज. हातापायांवर जाड, भुरकट खपल्या, नखं जाडसर, आणि आश्चर्य म्हणजे कित्येकदा खाज फारशी नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा संवेदना गेलेल्या रुग्णांत दिसते. इथे किडे दहा-पंधरा नसतात, हजारो ते लाखोंच्या घरात असतात, आणि झडलेल्या खपल्यांतूनही इतरांना लागण होते. कपडे आणि खोलीच्या सफाईचा वरचा सैल नियम इथे लागू नाही. यात आयव्हरमेक्टिन पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी देतात, फार तीव्र असेल तर बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशीही. सोबत पर्मेथ्रिन आठवडाभर रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा, आणि खपल्या मऊ करायला सॅलिसिलिक ॲसिडसारखं मलम, म्हणजे औषध आतपर्यंत पोचतं. हे घरच्या घरी करायचं काम नाही, रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवून त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावं.